आजी मिलमध्ये, आई घरात: मस्टरवर नाव कोणाचं?

हा प्रश्न उत्तर नागपुरातल्या एका मुलीने पत्रातून विचारला आहे. ती एम.ए.ला आहे. तिची आजी इथल्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत रिळिंग (सुताच्या लड्या करायच्या) खात्यात होती, आजोबाही तिथेच. आई मात्र कधी कामावर गेली नाही. ती लिहिते, "पुस्तकात वाचते की कारखान्यांनी बालमजुरी आणली आणि बायकांना घराबाहेर काढून पायावर उभं केलं. आमच्या घरात उलटंच दिसतं. आजी म्हणते, तिच्या वेळी मिलमध्ये लहान पोरं नव्हतीच. पण ती स्वतः आठ वर्षांची असल्यापासून कामठीला बिड्या वळत होती. आणि बाहेर पडलेल्या आजीची मुलगी पुन्हा घरातच राहिली. मग खरं काय?"

मी कामगार खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक होते. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातच बहुतेक नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून मिलमधल्या जुन्या बायांच्या आठवणी लिहून घेते आहे. त्या अनुभवावर उत्तर देते. लांब होईल, पण प्रश्न तेवढा मोठा आहे.

आधी तुमचा प्रश्न थोडा सोडवून घेऊ, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. मुलं आणि बाया कधीपासून राबू लागल्या, हा एक. त्यांचं राबणं कधीपासून मोजलं जाऊ लागलं आणि कुठे मोजायचं राहून गेलं, हा दुसरा. पुस्तक पहिल्याचं उत्तर देतं असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या हातात असतात त्या नोंदी: हजेरीचं मस्टर, जनगणना, चौकशी आयोगाचे अहवाल. म्हणजे ते दुसऱ्याचंच उत्तर देत असतं. तुमच्या आजीचं मिलमधलं काम मस्टरवर आहे, कामठीतलं लहानपण कुठेच नाही. दोन्ही तिचीच मेहनत.

एक गोष्ट कबूल करते. हे सगळं गावागणिक, जातीगणिक आणि धंद्यागणिक बदलतं. कापडाच्या मिलचं जे झालं ते मॅंगनीजच्या खाणीचं झालं नाही, आणि मुंबईचं सगळं नागपूरला लागू पडत नाही. म्हणून मी शक्यतो आपल्या भागाचंच बोलते.

मिल येण्याआधीचं नागपूर बघा. महाल, इतवारी, पाचपावली, तांडापेठ या भागांत कोष्ट्यांचे हातमाग होते. कामठीत आणि मोमिनपुऱ्यात मोमीन विणकर होते. गावोगाव महार कुटुंबं जाडंभरडं कापड विणत. मागावर बसे तो बाप्या, आणि विणकर म्हणायचं तेही त्यालाच. पण माग चालायचा कसा? सूत उकलायचं, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या, उभे धागे ताणून ताणा लावायचा, सुताला खळ देऊन पाजणी करायची. ही सगळी कामं बायकोची, म्हाताऱ्या आईची आणि पोरांची. सहा-सात वर्षांचं पोरगं रहाटाशी बसून कांड्या भरतं आहे हे दृश्य हातमागाच्या घरात मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वीही असंच असणार. त्या घराला एक मजुरी मिळे, कापडाची. ती विणकराच्या हातात पडे. बाकीच्यांच्या कामाला ना वेगळं नाव होतं, ना वेगळा पैसा.

शेतावर तेच. गुरं राखायला पोरगं, धाकटं सांभाळायला पोरगी. महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात शेतकऱ्यांची मुलं गुरं राखण्यात आणि शेताच्या कामात अडकलेली असल्यामुळे शाळेत येत नाहीत, हे स्पष्ट मांडलेलं आहे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. कारखान्यांशिवायही बालपण कामातच जात होतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी पुस्तकात सहसा निसटते. यंत्रयुगाने आपल्याकडच्या बाईला आधी काम दिलं नाही. आधी तिचं काम काढून घेतलं. हातसूत हे बायकांचं उत्पन्न होतं. विधवा, म्हाताऱ्या, ज्यांना शेतावर जाणं होत नसे अशा बाया सूत कातून चार पैसे मिळवत. विलायती सूत आधीच येत होतं. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि ते स्वस्तात गावागावात पोचू लागलं. मग इथल्याच मिलचं सूत आलं. विणकराला यंत्राचं सूत एकसारखं आणि स्वस्त पडे, म्हणून त्याचा माग तगून राहिला. कातणारणीचा चरखा मात्र कोपऱ्यात गेला. हातमाग मोडला म्हणून आपण हळहळतो, तेव्हा डोळ्यांपुढे विणकर पुरुष असतो. कातणारी बाई त्याच्याही आधी बेकार झाली होती.

विलायतेतही क्रम असाच होता. आर्कराइट या इंग्रज कारखानदाराने १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी कताई गिरणी काढली. तिथे आणि तिच्यामागून निघालेल्या गिरण्यांत मुलं लागली, कारण तुटलेला धागा जोडणं आणि यंत्राखाली सरपटत जाऊन कापूस झाडून काढणं लहान अंगाला जमे. मुलं त्याआधीही घरी आईबापाच्या हाताखाली काम करत होती. फरक असा पडला की घरी आई थांब म्हणाली की थांबता येई, आणि गिरणीत पाणी आणि पुढे वाफ थांबेपर्यंत थांबता येत नसे. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली, आणि पहिल्यांदाच सरकारी निरीक्षक नेमले. सुरुवातीला फक्त चार. मी जी नोकरी केली तिचं मूळ तिथे आहे. १८४२ मध्ये खाणींत जमिनीखाली बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे उतरवायला मनाई झाली. १८४४ मध्ये गिरणीतल्या प्रौढ बायकांच्या तासांवर मर्यादा आली. कायद्याने बाईला मुलांच्या रांगेत बसवलं, ते इथून. संरक्षण हवंच होतं. पण "कामगार" म्हणजे प्रौढ पुरुष, आणि बाई म्हणजे सांभाळून घ्यायची वेगळी जात, ही वाटणी त्याच कायद्यांनी पक्की केली आणि पुढे ती आपल्याकडेही आली.

आता आपली मिल. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी नोंदवली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, रेल्वे जवळ, कोळसा वरोऱ्याहून. व्यवस्थापक होते बेझनजी मेहता. आजचा बेझनबाग त्यांच्याच नावाचा. सुरुवातीला माणसं टिकेनात. शेताच्या हंगामाला, लग्नाला, सणाला मजूर उठून गावी जाई. रोज भोंग्यावर हजर व्हायचं ही सवयच कोणाला नव्हती. पुढे पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड अशा सोयी या मिलने देशात फार लवकर आणल्या, त्यामागे सदिच्छा होती तशी ही गरजही होती.

मुलं होती का? होती. सुताची बॉबिन (रीळ) भरली की ती काढून रिकामी लावायची, त्याला डॉफिंग म्हणत. डॉफर पोरांची टोळी असे. पाच-दहा मिनिटं सपाट्याने हात चालवायचे, मग पुढच्या बॉबिनी भरेपर्यंत तिथेच कोपऱ्यात बसायचं किंवा झोपायचं. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला तेव्हा किमान वय ठरलं सात. सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास. हा आकडा आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याआधी काहीच मर्यादा नव्हती. आणि हा कायदा व्हावा म्हणून मँचेस्टरचे गिरणीमालकही मागे लागले होते, कारण स्वस्त हिंदी मजुरीची त्यांना धास्ती होती. १८९१ मध्ये वय नऊवर आलं, नऊ ते चौदाच्या मुलांना सात तास आणि बायकांना अकरा तास झाले. ती दुरुस्ती होण्यात मुंबईचे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा मोठा वाटा. रविवारची सुट्टी त्यांनीच मिळवून दिली, आणि मुंबईत १८९० साली त्यांनी भरवलेल्या सभेत दोन गिरणीकामगार बायाही उभं राहून बोलल्या होत्या. १९११ मध्ये कापडगिरणीतल्या मुलांचे तास सहावर आले. १९२२ मध्ये किमान वय बारा झालं, १९४८ मध्ये चौदा.

जन्माचा दाखला कोणाकडे असणार? डॉक्टर मुलाचे दात बघून वय ठरवायचे. उंच पोरगा बारा वर्षांचा ठरे आणि हडकुळा चौदा वर्षांचाही दहाचा. माझ्या नोकरीतही हॉटेलात सापडलेल्या मुलाचं वय ठरवायला दवाखान्यातच न्यावं लागे. शंभर वर्षांत या एका गोष्टीत फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही.

तरी तुमची आजी खरंच सांगते. ती मिलमध्ये गेली तेव्हा तिथे पोरं नव्हती, किंवा असली तर वय वाढवून लावलेली एखादी. मोठ्या मिलमधून मुलं गेली याला दोन कारणं. निरीक्षकाला मिल सापडते, तिची चिमणी मैलावरून दिसते. आणि अर्ध्या वेळेची पोरं सांभाळणं, दाखले ठेवणं, दोन पाळ्यांत त्यांना बसवणं हे मालकालाच नकोसं झालं. मोठी माणसं स्वस्तात मिळत असताना कशाला? शाळेचा वाटा यात नंतरचा आहे.

आता बायकांकडे येते. इथे मला एक प्रचलित समजूत खोडायची आहे. लोक म्हणतात, यंत्राला ताकद लागते म्हणून पुरुष, नाजूक काम म्हणून बाया. पण बघा. विलायतेतल्या लँकेशायरमध्ये म्यूल नावाच्या यंत्रावर पुरुष कातत. मग रिंग फ्रेम आली, जिला ताकद कमी लागते. ती हिंदुस्थानात फार लवकर ज्या मिलांनी वापरून पाहिली, त्यांत आपली एम्प्रेस मिल होती. तीच रिंग फ्रेम जपानमध्ये खेड्यातून आणून वसतिगृहात ठेवलेल्या तरुण पोरींनी चालवली. आपल्याकडे त्याच फ्रेमवर पुरुष उभे राहिले, हाताशी पोरं, आणि बाया गेल्या रिळिंगला, वाइंडिंगला (सूत गुंडाळायला), कापूस निवडायला. यंत्र एकच होतं. जपानमध्ये बापाने मुलगी लग्नाआधी काही वर्षं गिरणीला करार करून दिली. आपल्याकडे मुलगी तोवर लग्न होऊन सासरी गेलेली. गिरणीत आली ती लेकुरवाळी बाई, नवऱ्यासोबत किंवा नवरा गेल्यावर. पाळणा सांभाळून करता येईल, तुकड्यावर पैसे मिळतील, मध्येच उठलं तरी पूर्ण खातं थांबणार नाही, असं काम तिच्या वाट्याला आलं. मग लोक म्हणू लागले की ते काम "बायकांचंच" असतं.

रिळिंग म्हणजे बॉबिनवरचं सूत काढून त्याच्या लड्या करणं. त्या लड्या जात कुठे? हातमागवाल्यांकडे. तुमच्या आजीसारखीने मिलमध्ये केलेली लडी पाचपावलीतल्या एखाद्या घरात जायची, आणि तिथली बाई ती उकलून कांड्या भरायची. एकीची हजेरी लागे, आठवड्याला किंवा महिन्याला पगार होई, तिला पोर झालं तर नागपूर तेव्हा ज्यात होतं त्या मध्य प्रांताच्या १९३० च्या कायद्यानुसार बाळंतपणाचा भत्ता मिळण्याची सोय होती. दुसरी "घरीच" होती. मधे अंतर असेल दोन-तीन मैलांचं.

मिलमधल्या बायांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली. एक आजीबाई म्हणाल्या, "पगार माह्या हातात येये. नवरा मांगे, पण मांगाच लागे त्याले." मला ते वाक्य फार मोठं वाटतं. तिचं स्वयंपाकघर सुटलं नव्हतं. चारला उठून भाकरी थापायची, मग भोंगा, संध्याकाळी पाणी भरायचं. दुहेरी ओझं होतं. पण स्वतःच्या नावाने पैसा आला, आणि तो मागावा लागतो हे घरातल्या पुरुषाला कळलं.

मग या बाया गेल्या कुठे? तुमची आई मिलमध्ये का नाही गेली? कारणं बरीच आहेत, आणि कोणत्या कारणाचं वजन किती हे मिलगणिक वेगळं निघेल. मला दिसतात ती सांगते. मिल दोन आणि मग तीन पाळ्यांत चालू लागली. बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्याने मनाई. १९४८ च्या कायद्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा ही वेळ बंद. म्हणजे पाळीच्या चक्रात बाई बसेना. बाळंतपणाचा खर्च मालकावर, आणि पन्नासच्या वर बाया असतील तर पाळणाघरही, म्हणजे नवीन बाई घेताना त्याचा हात आखडणार. हातमाग घटले तशी लड्यांची मागणी घटली. वेगवान वाइंडिंग मशीन आली आणि दहा जणींचं काम दोघींवर आलं. युनियन पुरुषांच्या हातात. कपातीची वेळ आली की घरचा कर्ता कोण हा प्रश्न विचारला जाई, आणि उत्तर ठरलेलं असे. नियम असा कुठेच लिहिला नव्हता की बाईला काढा. जी निवृत्त झाली तिच्या जागी पुरुष आला किंवा मशीन आलं, एवढंच. तीस-चाळीस वर्षांत खातं रिकामं झालं.

त्यात इज्जतीची कल्पनाही मिसळली. "आमच्या घरच्या बाया बाहेर जात नाहीत" हे आधी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या), वरच्या जातींच्या घरात बोललं जाई. पुरुषाचा पगार थोडा स्थिर झाला, पोरगा मॅट्रिक झाला की मिलमजुराच्या घरातही ते बोललं जाऊ लागलं. आजीने खस्ता खाल्ल्या म्हणून लेकीला बाहेर पाठवायचं नाही, हे प्रेमानेच ठरायचं. त्याचा दोष मी कोणाला देत नाही.

पण सगळ्यांनीच हे मुकाट्याने घेतलं असं समजू नका. आपल्याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर तिथे बोलले. हजारो बाया आल्या होत्या. त्या परिषदेने घटस्फोटाच्या हक्काची मागणी केली, एकापेक्षा जास्त बायका करण्याविरुद्ध ठराव केला, आणि त्याच बरोबरीने मिल, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार बायांसाठी भरपगारी रजा मागितली. बायांवर देखरेखीला बायाच असाव्यात, असंही त्या म्हणाल्या. घरातला हक्क आणि कामावरचा हक्क एकाच मांडवात मागणाऱ्या या बाया होत्या. त्याआधी जाईबाई चौधरींनी, ज्यांनी स्वतः कामठी-नागपूर हमाली करून दिवस काढले होते, १९२२ मध्ये संत चोखामेळा मुलींची शाळा काढली होती. तुम्ही यावर प्रबंध लिहिलात आणि त्यात या दोन गोष्टी आल्या नाहीत तर मला वाईट वाटेल.

आता कामठी. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, मिलमध्ये नाही.

बिडीला ना चिमणी लागते ना इंजिन. तेंदूपत्ता जंगलातून, तंबाखू गुजरातेतून, आणि बाकी फक्त बोटं. १८८१ चा कायदा शंभर माणसं आणि यंत्रशक्ती असलेल्या कारखान्याला लागू होता. बिडीच्या खोलीत पन्नास पोरं बसली तरी ती कायद्याला दिसतच नव्हती. कामठीचे बाबू हरदास एल. एन., ज्यांनी "जय भीम" हा अभिवादनाचा शब्द रुजवला, त्यांनी १९३० च्या दशकात बिडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले, आणि १९३९ मध्ये वयाच्या पस्तिशीतच वारले. १९३७ मध्येच मध्य प्रांताने यंत्राविना चालणाऱ्या कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात बिडी, लाख आणि कातडी कमावणं हे धंदे आले. १९३८ च्या केंद्रीय कायद्याने, त्यात १९३९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, बिडीच्या कारखान्यात बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली. १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

आणि प्रत्येक कायद्यागणिक काम घराकडे सरकलं. कारखान्यात शंभर माणसं बसवली तर नियम लागतात, मग मालकाने सट्टेदार नेमला. सट्टेदार पत्ती आणि तंबाखू घरोघर वाटतो, हजाराच्या हिशेबाने बिड्या गोळा करतो, आणि खराब म्हणून काही छाटतो. कामगार कोणाचा, हे कागदावर सिद्ध करणं अवघड. १९८६ च्या बालकामगार कायद्याने बिडी वळणं मुलांसाठी बंदीच्या यादीत टाकलं, पण कुटुंबाच्या मदतीने घरात चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना जवळजवळ सगळीकडे बंदी केली. घरच्या धंद्यातली सूट थोडी आवळली, शाळा सुटल्यावर आणि धोक्याचं काम नसेल तर अशा अटी घातल्या, पण ठेवली. बिडीला ती आता लागू होत नाही. मात्र घराच्या उंबऱ्याच्या आत मूल "काम करतं" की "आईला हातभार लावतं", हे ठरवणारा निरीक्षक मी तरी पाहिला नाही, आणि मी स्वतः निरीक्षक होते.

एक दुपार सांगते. कामठीच्या बाजूची वस्ती. मी एका घरात गेले. बाई जोत्यावर बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पत्ती. शेजारी दहाएक वर्षांची पोरगी पत्र्याच्या साच्यावर पत्ती कापते आहे, आणि तिच्याहून लहान एक पोरगा बिडीचं तोंड मिटतो आहे. मी विचारलं, "ताई, काही काम करता का?" बाई म्हणाली, "नाही बाई, घरीच असतो. काम तर मालक करते." मालक म्हणजे नवरा. तो त्या दिवशी घरात झोपलेला होता. बिडी कामगाराचं कार्ड त्याच्या नावावर होतं. हजार बिड्या तीन जणांच्या हातून व्हायच्या, आणि सरकारदरबारी त्या घरात एकच कामगार होता, जो बिडी वळत नव्हता. दवाखान्याची सोय, मुलांची शिष्यवृत्ती, सगळं त्या कार्डावर. पुढे मी पाठपुरावा करून ते कार्ड बाईच्या नावाने करून घेतलं. त्याला आठ महिने लागले. पोरीचं मी काय करू शकले? शाळेत नाव घातलं. ती सकाळी शाळेत जाई आणि दुपारी पत्ती कापे.

म्हणून तुम्ही विचारता की कारखान्यांनी बालमजुरी आणली का, तर माझं उत्तर असं आहे. मुलांचं काम आधीपासून होतं. कारखान्याने ते एका छपराखाली आणलं, त्याला घड्याळ लावलं आणि मजुरी लावली. त्यामुळे ते भयंकर झालं, आणि त्यामुळेच ते दिसलं. दिसलं म्हणून कायदा झाला. कायदा झाला तेव्हा छप्पर मोडून काम परत घरात गेलं. बायकांचंही तसंच. तुमच्या आजीचं आयुष्य या वाटेवर उलट्या क्रमाने गेलं: आधी घरातली बिडी, मग मिल. म्हणून तिला मिल सुटकेसारखी वाटली असेल. मला भेटलेल्या बऱ्याच जणींना वाटली होती.

ग्रामीण बाजूचं थोडक्यात. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यांत, हंगामी काम, तिथे बायाच जास्त, कारण कापूस चरखीला लावणं हे त्यांचंच समजलं जाई. हंगामी म्हणून सुरुवातीचे कायदे त्यांना लागू नव्हते. ते १९११ ला लागू झाले. मनसर, कांद्रीच्या मॅंगनीज खाणींत बायांनी डोक्यावर खनिज वाहिलं. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बायकांना बंदी झाली, पण मॅंगनीज बहुतेक उघड्या खाणीतलं, म्हणून इथल्या बाया त्या बंदीने गेल्या नाहीत. पुढे यंत्रं आली तेव्हा गेल्या. यावर वेगळा प्रबंध होईल.

शेवटचा टप्पा तुमच्या आईच्या काळातला. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. मिल बंद झाली तेव्हा मस्टरवर बहुतेक पुरुषच उरले होते, म्हणून बातम्यांत बेकार झाले ते पुरुष. पण मी त्या वस्त्यांत जात होते. नवरा घरी बसला आणि बायकोने धुणीभांडी धरली, शिवणकाम घेतलं, पापड लाटले, मेस चालवली. त्या घरांत कर्ता पुरुष हा शब्द तसाच राहिला, आणि चूल बाईच्या पैशावर पेटली. पोरगी मोठी असेल तर आईच्या जागी घर तिने सांभाळलं. शाळा सुटली ती तिची. धुणीभांडी करणाऱ्या आईच्या घरात स्वयंपाक करणारी बारा वर्षांची मुलगी कोणत्याही बालकामगारांच्या यादीत येत नाही.

आता तुम्ही मुलाखती घेणार असाल तर दोन गोष्टी सांगते. "तुम्ही काम करत होता का?" असं विचारू नका. नाही असंच उत्तर येईल. "सकाळी उठल्यापासून काय काय करायचा?" असं विचारा आणि मध्ये बोलू नका. दुसरं, पैशाबद्दल विचारताना किती मिळे हे नंतर विचारा. कोणाच्या हातात पडे, हे आधी. वय विचारू नका, दुष्काळ, लग्न, न्हाणं, कोणतं भावंड कडेवर होतं, यावरून वय काढा.

आजीची कागदपत्रं मिळतील. फंडाची पावती, गेटपास, काहीतरी ट्रंकेत असेल. ती सांगायलाही उत्सुक असेल, मिलच्या बाया असतात. पण तुम्ही पत्रात तुमच्या आईबद्दल लिहिलं आहे, "कधी कामावर गेली नाही." तुमच्या घरात मिलमधून निवृत्त झालेले आजी-आजोबा होते, मिल बंद पडली तेव्हा तुम्ही तान्ह्या असाल किंवा जन्मलेल्याही नसाल. त्यानंतरच्या वर्षांत घर कशावर चाललं, तुमची फी कोणी भरली, दुपारी आई काय करत होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आजीकडे जाण्याआधी एक दुपार आईजवळ बसा, आणि तिला सकाळपासून विचारा.